वेळ जोडीची, पाय एकाचा

मंगळवारी संध्याकाळी काकाजींचा फोन आला. त्यांना माझ्याकडून फक्त एक सही हवी होती. शनिवारपासून तालुक्यातला मोठा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सुरू होणार होता, जोडीची नोंदणी झाली होती आणि पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र तेवढं राहिलं होतं.

"डॉक्टरसाहेब, कागद तेवढा करून द्या. बैलं तर तुमच्या पाह्यण्यातलेच हायेत."

पाहण्यातले होतेच. दोन्ही गवळाऊ, पांढरे, हलक्या हाडाचे, उंच पायांचे. लाखन पूर्ण जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, डाव्या अंगाला जुंपतात. हिऱ्या सहा दाती, उजव्या अंगाला. वर्धा जिल्ह्याचा आर्वी-कारंजाकडचा भाग म्हणजे गवळाऊचा मुलूखच. या जातीचं सरकारी पैदास क्षेत्रही याच भागात, हेटीकुंडीला आहे. पटाला खिल्लार आणणारे आता पुष्कळ झाले, पण काकाजींच्या कोठ्यात दुसरी जात आली नाही. त्यांच्या वडलांनी पट गाजवला तो गवळाऊवर, आणि ते स्वतःही दुसऱ्या बैलाच्या वाटेला गेले नाहीत.

मी पोचलो तेव्हा अंगणात तुरीच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि काकाजींचा पुतण्या वही घेऊन तयार बसला होता. हा मुलगा कृषी पदविका करून घरी आला आणि पटाचा हिशोब ठेवू लागला. तारीख, गाव, जमीन कशी होती, जोडीला किती वेळ लागला, सगळं वहीत. रविवारच्या नोंदीखाली त्याने लाल शाईची दुहेरी रेघ मारली होती.

"पाहा सर, या हंगामातला सगळ्यात कमी वेळ. जोडी ऐन रंगात हाये."

नाडी-तापाकडे वळण्याआधी या वहीबद्दल सांगायला हवं, कारण प्रकरणाची अर्धी उकल तिच्यात होती आणि ती लाल रेघेखाली झाकली गेली होती.

वेगवेगळ्या पटांची वेळ एकमेकींशेजारी ठेवून काही कळत नाही. एका गावची धावपट्टी पन्नास फुटांनी लांब, दुसऱ्या गावची मुरमाची, तिसऱ्या गावात काळ्या वावरावर रोलर फिरवून केलेली. कुठे किंचित उतार असतो आणि तो गावकऱ्यांनाही ठाऊक नसतो. सकाळी दव असताना पळालेली जोडी आणि दुपारी दोनला पळालेली जोडी यांची जमीन एक नसते. रविवारची पट्टी आखूड होती आणि कडक. तिच्यावर सगळ्यांचाच वेळ कमी लागला.

म्हणून मी पुतण्याला विचारलं, जी दुसरी एखादी जोडी आपल्याबरोबर बहुतेक पटांत असते ती कोणती? त्याने लगेच सांगितलं, देवळीकडची. तिची वेळही वहीत होती, कारण पोरगं नीटनेटकं आहे. मग आम्ही आपली वेळ बाजूला ठेवली आणि नुसतं अंतर मोजलं. डिसेंबरच्या दोन पटांत आपली जोडी देवळीकडच्या जोडीच्या पाव सेकंद पुढे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच पुढे. आणि रविवारी, लाल रेघेच्या दिवशी, पाव सेकंद मागे.

पुतण्या वहीकडे बघत राहिला. मी म्हटलं, एका दिवसाचं अंतर आहे, देवळीकरांची जोडी त्या दिवशी चांगली पळाली असेल. हे मी त्याची समजूत घालायला बोललो नव्हतो, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

पहिली तपासणी, जी मी चुकवली

ताप १०१.४ फॅरनहाइट. नाडी शेपटीच्या बुडाखाली मोजली, लाखनची ५६ आणि हिऱ्याची ६०. श्वास मिनिटाला वीस-बावीस. डाव्या कुशीत मूठ दाबून धरली तर पोट मिनिटाला दोनदा व्यवस्थित फिरत होतं. रवंथ चालू, नाकपुडीवर दव, शेण घट्ट पण बांधलेलं नाही. तोंडात फोड नाहीत, खुरांच्या बेचक्यात जखम नाही, म्हणजे लाळ्या खुरकुताचा प्रश्न नव्हता. अंगावर गाठ नाही. लम्पीच्या साथीनंतर बैलाच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय मी पुढे जात नाही. लसीकरणाच्या नोंदी बरोबर.

मग चालवून पाहिलं. सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, हिऱ्याची वेसण आखडून धरली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. बैल सरळ चालला. मी खिशातून पेन काढलं.

इथे माझ्या दोन चुका झाल्या. अंगण शेणा-कुटाराचं होतं, पायाखाली गादी असावी तसं मऊ. आणि मान वेसणीने वर धरलेली होती. लंगडणं बघायचं तर जमीन कडक हवी आणि मान मोकळी हवी. हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. पण ओळखीचं घर, ओळखीचे बैल, समोर चहा येत असलेला. ओळखीच्या जनावराची तपासणी नेहमी अर्धी होते, निदान माझ्याकडून तरी.

सही झाली नाही ती चहामुळे. कप हातात घेऊन मी दोन्ही बैलांच्या मधे उभा राहिलो. लाखनच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे जू बसतं त्या जागी, हिऱ्याच्या अंगाकडच्या बाजूला केस उलटे झालेले दिसले. हात लावला तर तळहाताएवढी गरम, मऊ सूज. दाबलं तशी लाखनने कातडी थरथरवली आणि मान बाजूला नेली.

"खांदा येऊन रायला काय याचा?" मी विचारलं.

"नवीन जू हाये ना, लागलं असन थोडं," काकाजी म्हणाले. "हळद-तूप लावलं की जाते."

नवीन जू दोघांच्याही मानेवर होतं. हिऱ्याची मान मात्र स्वच्छ. एकाच जुवाखाली एकाचीच मान का सोलावी? मी धुरकऱ्याला, म्हणजे पटाचा छकडा, ती हलकी गाडी, हाकणाऱ्याला बोलावलं. तो कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होता. रविवारी छकडा कसा पळाला, असं विचारलं. त्याने आधी काकाजींकडे पाहिलं.

"सरळच पळाला. फक्त उजवीकडे वढत होता जरासा. जमीन तिकडून भुसभुशीत होती."

कडक पट्टीवर भुसभुशीत कुठून आली? वेळ जोडीची मोजतात, पाय मात्र एकेकाचा असतो. दोन बैलांच्या मानेवर एक लाकूड आहे. उजवा अर्धं पाऊल मागे राहिला की जू तिरपं होतं, छकडा उजवीकडे झुकतो आणि डाव्याच्या मानेवर लाकडाची कड घासू लागते. डावा दमदार असेल तर तो कमी पडलेलं भरून काढतो आणि घड्याळात काहीच दिसत नाही. दुखणाऱ्याची खूण न दुखणाऱ्याच्या अंगावर उमटते. मी पेन खिशात टाकलं आणि हिऱ्याला डांबरी रस्त्यावर न्यायला सांगितलं.

घोड्याकडून काय घ्यावं, काय घेऊ नये

तरुणपणी काही आठवडे मी पुण्याच्या रेसकोर्सवर शिकाऊ म्हणून काढले. तिथला हंगाम पावसाळ्यात असतो, मुंबईच्या महालक्ष्मीचा हिवाळ्यात. शर्यतीआधी घोडा कसा पारखतात ते तिथे रोज पहाटे बघायला मिळालं. कडक जमिनीवर घोड्याला सैल लगामाने सरळ दुडक्या चालीने पळवत नेतात आणि परत आणतात. दुडक्या चालीत पाय तिरक्या जोड्यांनी पडतात, दोनच ठेके, त्यामुळे ठेका चुकला की लगेच कळतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मान झुकते तो पाय शाबूत, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलं आहे. मग पायाच्या नळीमागची शीर, म्हणजे कंडरा, बोटांनी चाचपायची, गरम आहे का, जाड झाली आहे का. खुराच्या वर नाडीचे ठोके जोराने लागतात का ते बघायचं. शेवटी चिमट्याने खूर दाबून पाहायचा.

यातलं बैलाला सगळंच लागू पडत नाही. बैल हातात धरून मन लावून दुडकत नाही, त्याला मुळात कारणच कळत नाही. विसावलेल्या घोड्याची नाडी २८ ते ४४ असते, बैलाची त्याहून पुष्कळ जास्त, त्यामुळे घोड्याचे आकडे पाठ करून आलेला माणूस बैलाच्या बाबतीत विनाकारण घाबरतो. घोडा फेसाळेपर्यंत घामाघूम होतो, बैल तेवढा घामेजत नाही, बरीचशी उष्णता श्वासावाटे टाकतो. पटातून परतलेला बैल कोरडा आहे म्हणून तो थकला नाही असं धरून चालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याची कूस बघावी. सावलीत उभा केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत श्वास खाली आला पाहिजे, हा माझा साधा अंदाज आहे आणि आजवर त्याने फारसं फसवलेलं नाही.

आणि घोडा एकटा पळतो. बैलाच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक हाच. जुवाखाली मान बांधलेली असताना ती वर-खाली होणारच कशी? जुंपलेल्या बैलाचं लंगडणं तुम्ही डोक्यावरून ओळखू शकत नाही. सोडूनच बघावं लागतं.

घोड्याकडून दोन गोष्टी जशाच्या तशा घेता येतात, कडक जमीन आणि मोकळी मान.

रस्त्यावर

ग्रामपंचायतीसमोर डांबराचा तीस-चाळीस पावलांचा तुकडा शाबूत होता. सालदाराला सांगितलं, दोर सैल सोड आणि पुढे बघून चाल, बैलाकडे बघू नको. हिऱ्या निघाला. पहिल्या दहा पावलांत काही नाही. अकराव्या-बाराव्या पावलाला मान किंचित वर गेली, पुन्हा गेली, मग लयीत जाऊ लागली. उजवा पुढचा पाय टेकला की वर, डावा टेकला की खाली. फार नाही, दोन-तीन बोटं. उजवीकडे वळवला तेव्हा त्याने पाऊल आखूड केलं आणि वळण मोठं घेतलं.

तोवर पारावरची माणसं जमली होती. एकजण म्हणाला, "कुठं लंगडते? मले तर काही दिसत नाई." त्याला दिसत नव्हतं हे खरं होतं. मीही दिवसाउजेडी अंगणात बघून काहीच पाहिलं नव्हतं.

उभा केल्यावर हिऱ्याने उजवा पाय थोडा पुढे आणि आतल्या बाजूला ठेवला, डाव्यासमोर आल्यासारखा. बैलाच्या पुढच्या पायात आतल्या नखीवर, म्हणजे दुभंगलेल्या खुराच्या आतल्या अर्ध्यावर, बाहेरच्या नखीपेक्षा जास्त भार येतो, मागच्या पायात उलट. आतली नखी दुखत असेल तर पाय आत ओढून भार बाहेरच्या नखीवर टाकणं ही जनावराची स्वतःचीच युक्ती असते. म्हणजे शोधायची जागा आता एका नखीपर्यंत आली होती.

"नाल कधी ठोकले?"

"मागच्या गुरुवारी."

बैलाच्या एका खुराला दोन नाल लागतात, प्रत्येक नखीला एक, चपटे, बाहेरच्या कडेने खिळ्यांनी बसवलेले. हाताच्या मागच्या बाजूने चारही पाय चाचपले. उजव्या पुढच्या पायाची आतली नखी बाकीच्यांपेक्षा थोडी गरम लागली, पण संध्याकाळी एवढ्या फरकावर मी पैज लावली नसती. छोट्या हातोडीने एकेका खिळ्याच्या डोक्यावर टिचकी मारत गेलो. पहिला, दुसरा, काही नाही. तिसऱ्यावर बैलाने पाय झटकला. मुद्दाम पाचव्यावर जाऊन पुन्हा तिसऱ्यावर आलो. पुन्हा झटका.

नाल उतरवला. खिळे एकेक करून काढले आणि प्रत्येक पुसून तळहातावर ठेवला. चार चकचकीत. तिसऱ्याचं टोक काळपट, ओलसर, आणि नाकाजवळ नेलं तर कुजल्याचा अगदी हलका वास. छिद्र थोडं मोकळं केलं तेव्हा राखाडी पाण्याचे दोन-तीन थेंब आले. पू म्हणावा असा पू अजून धरला नव्हता.

खिळा जिवंत मांसात घुसला असता तर बैल नालबंदासमोरच लंगडला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. हा खिळा जवळून गेला होता. आतल्या नाजूक थराला टोचला नाही, पण दाबत राहिला. अशा खिळ्याचं दुखणं दोन-चार दिवसांनी वर येतं. गुरुवारी ठोकला, रविवारी पळाला, मंगळवारी डांबरावर मान उचलू लागला. हिशोब जुळत होता.

बाकीच्या शक्यताही त्या संध्याकाळी तपासल्या. नाल ठोकायला बैल दोरांनी पाडतात, त्यात खांद्याच्या मज्जातंतूला दुखापत होऊ शकते. पण तसं असतं तर पाय पुढे टाकायलाच त्रास झाला असता, टेकायला नाही. दुसरी शक्यता खुराकाची. पट जवळ आला की आमच्याकडे बैलाला कणकेचे गोळे, हरभऱ्याची चुनी, उडदाची डाळ, अंडी, लोणी, जे सुचेल ते चारतात. एकदम पिठूळ खाणं वाढलं की पोटात आंबटपणा होतो आणि त्यातून खुरांना दाह येतो. तो मात्र एका नखीला येत नाही. चारही पाय गरम होतात, बैल पाठ वाकवून उभा राहतो आणि शेण पातळ होतं. काकाजींच्या घरी सरकीची ढेप आणि कुटार-कडब्याच्या पलीकडे फारसं काही देत नाहीत. मी याबद्दल त्यांना कधी बोललो नाही, पण त्यांच्या कंजूषपणाचा बैलांना फायदाच झाला आहे.

खिळा वर का गेला

नालबंदाला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तरुण मुलगा, घाबरलेला. मी त्याला रागावलो नाही, कारण खूर पाहिल्यावर दोष एकट्या त्याचा नाही हे कळलं होतं. नखीच्या भिंतीत जुनी छिद्रं तशीच होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाल बदलले, जानेवारीत पुन्हा बदलले, मोठ्या पटासाठी नवेकोरे हवेत म्हणून. गाई-बैलांचं खूर महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतं. महिनाभरात पुन्हा नाल म्हणजे नवं खूर जेमतेम अर्धं बोट. जुनं छिद्र टाळायचं तर खिळा आतून किंवा वरून न्यावा लागतो. त्यात बैलाच्या खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ, आणि आदल्या वेळी कानशीने ती आणखी खरवडलेली. चुकायला दोन-तीन मिलिमीटरचा वाव होता. तो त्याने वापरला.

त्याचे आजोबा या पंचक्रोशीतले नामांकित नालबंद होते. नातवाला त्यांच्या हाताखाली शिकायचं वय आलं तेव्हा पट बंद होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, पण प्रकरण न्यायालयात अडकलं आणि शर्यतींना वाट मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत पटाचे बैल विकले गेले, धुरकरी ट्रॅक्टरवर गेले आणि नालबंदाच्या नातवाने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून पाहिलं. शेतीच्या बैलाला वर्षातून दोनदा नाल ठोकणं आणि पटाच्या बैलाला दर महिन्याला ठोकणं ही वेगळी कामं आहेत. दुसरं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

सुईची मागणी

मंगळवारी रात्रीच काकाजी मला कोठ्याच्या मागे घेऊन गेले. आवाज खाली.

"साहेब, शनिवारची एक सुई मारून देता का? पाच-दहा सेकंदाचं तर काम हाये. मंग महिनाभर बसवतो त्याले."

मी त्यांच्या लोभाची गोष्ट सांगत नाही आहे. वडलांच्या नावाची ढाल या पटात परत आणायची होती आणि वय सत्तरीला आलेलं. पण वेदना बंद केली की बैल दुखऱ्या नखीवर पूर्ण ताकदीने आपटतो. दाबला गेलेला थर फाटतो आणि आठ दिवसांचं दुखणं चार महिन्यांचं होतं. शिवाय नियम आहेत. धाव हजार मीटरपेक्षा लांब नको, काठी-चाबूक-विजेचा झटका नको, उत्तेजक औषध नको, आणि बैलाला इजा झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोक्यात नियम नव्हते. वेदनाशामक दिलं की शुक्रवारी मला काहीच कळणार नाही, एवढीच अडचण दिसत होती. पाय बरा झाला की औषधाने गप्प बसला, कसं सांगायचं?

जाता जाता एक गोष्ट. त्यांच्या पुतण्याने कुठूनशी डायक्लोफिनॅकची बाटली आणून ठेवली होती. जनावरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही बंद झाली. माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या ढोरफोडीवर गिधाडं बसलेली असत, पुतण्याने आयुष्यात एकही पाहिलेलं नाही. बाटली मी घेऊन आलो.

छिद्र धुतलं, कोमट पाण्यात मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) घालून नखी वीस मिनिटं भिजवली, कापूस-पट्टी करून वरून जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला, धनुर्वाताची लस दिली. आणि प्रमाणपत्राच्या कोऱ्या कागदामागे काकाजींसमोर अटी लिहिल्या. आतापासून शुक्रवारपर्यंत एकही वेदनाशामक नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजता, त्याच डांबरावर, दोर सैल, जाताना आणि येताना मान उचलायची नाही, उजव्या वळणावरही नाही. लाखनच्या मानेवर बोट दाबल्यावर त्याने मान हलवायची नाही. यातलं एकही चुकलं तर सही नाही. अटी आधी लिहिल्या, कारण शुक्रवारी पारावर पन्नास माणसं जमणार आणि तेव्हा माझंही मन डगमगणार हे मला ठाऊक होतं.

शुक्रवार

बुधवारी पट्टी सोडली तेव्हा ओल कमी होती. गुरुवारी छिद्र कोरडं. शुक्रवारी पहाटे थंडी होती, माणसं तोंडाला गमछे गुंडाळून आलेली. हिऱ्या निघाला आणि चाळीस पावलं गेला. मान शांत. परत आला. मान शांत. पुतण्याची दुचाकी बाजूने हळू चालवत थोडा पळवला, तरी लय मोडली नाही. उजवीकडे वळवला, एक पाऊल घेतलं, दुसरं घेतलं. मला शेवटच्या पावलात किंचित आखूडपणा वाटला. पुन्हा वळवला, तेव्हा नव्हता. आजही मला विचाराल तर तो होता की मी तो शोधतच होतो म्हणून दिसला, हे सांगता येणार नाही.

पारावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकाजींनी फेटा सावरला.

मग मी लाखनकडे गेलो.

सूज कमी झाली होती, गेलेली नव्हती. हळद-तुपाखाली कातडी गरमच. बोट दाबलं आणि लाखनने मान अशी फिरवली की शिंग सालदाराच्या दंडाला लागलं.

बैल ज्याच्यासाठी तीन दिवस जागलो तो जवळपास पास झाला आणि ज्याच्याकडे कोणी आजारी म्हणून पाहिलंच नाही तो नापास. काकाजींनी एकापाठोपाठ एक उपाय सुचवले. जुवाला गादी बांधू. गादीने दाब नाहीसा होत नाही, तो सुजेच्या कडेवर सरकतो, आणि आतली कातडी मेली की तिथे कायमची गाठ राहते. मग हिऱ्याबरोबर घरचा तिसरा बैल जुंपू. तो शेतीचा, हिऱ्याबरोबर एकदाही पळालेला नाही, दमाने कमी. म्हणजे उलटा डाव. हिऱ्या पुढे, तिसरा मागे, आणि आता भार ओढणार तो तीन दिवसांपूर्वी खिळा काढलेला पाय, तोही एका नखीला नाल नसताना.

सही केली नाही. काकाजी काही बोलले नाहीत. दुसरीकडून त्यांना कागद मिळाला असता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते गेले नाहीत. घरात त्या दिवशी चूल उशिरा पेटली असं पुतण्याने नंतर सांगितलं.

पळाले असते तर काय झालं असतं? बहुधा काहीच नाही. दहा-बारा सेकंदांची धाव आहे, लाखनसारखा बैल दुखऱ्या मानेनेही ती काढू शकतो. कदाचित ढालही आली असती. माझा निर्णय निकालावरून बरोबर ठरवता येत नाही, आणि तसं कोणी केलं तर मी त्याला थांबवतो.

शनिवारी काकाजी पटाला गेले, बैलांशिवाय. मीही होतो. देवळीकडची जोडी पाचवी आली. काकाजी धावपट्टीच्या शेवटी, जिथे बैल थांबवतात तिथे, दिवसभर उभे राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "सतरा जोड्या पाह्यल्या. चौघाईच्या माना एकाच बाजूनं सोललेल्या हायेत." मी तीनच मोजल्या होत्या.

लाखनची मान पुरती बरी व्हायला सोळा दिवस लागले. हिऱ्याला नाल फेब्रुवारीच्या शेवटी ठोकले, जुनी छिद्रं खाली उतरल्यावर. त्या दिवशी काकाजी नालबंदाशेजारी पाटावर बसले आणि प्रत्येक खिळा आत जाताना बैलाच्या डोळ्याकडे पाहत राहिले. नालबंदाने एका खिळ्याशी हात थांबवला, तो उपसून काढला आणि बोटभर पुढे नवा धरला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. मार्चमधल्या एका लहान पटात जोडी उतरली. पुतण्याने वहीत आपली वेळ काळ्या शाईने लिहिली आणि देवळीकडच्या जोडीशी असलेलं अंतर लाल शाईने. शून्य.